उपटून खायची रानभाजी

एप्रिल लागला की न्यू जर्सी, ओहायो, मिशिगन, ओंटारिओ या पट्ट्यात घरामागच्या झाडीत, कुंपणाच्या कडेला, पायवाटांच्या दोन्ही अंगांना एक रोप बाकी सगळ्यांच्या आधी हिरवंगार होऊन बसलेलं दिसतं. पान चुरगाळलं की लसणाचा वास येतो. चव मोहरीच्या पाल्याची, मागून जराशी कडू. हेच गार्लिक मस्टर्ड. मोहरीच्या कुळातलं, खाण्याजोगं, फुकटात मिळणारं आणि तिथल्या जंगलाला जड झालेलं तण.

दुकानातल्या पालक-केलपलीकडची पालेभाजी हवी असणाऱ्या मराठी घरांना ही चांगली सोय आहे. फक्त एक सवय बदलावी लागेल. आपल्याकडे रानभाजी आणताना टाकळ्याचे शेंडे घ्यायचे, भारंगीची कोवळी पानं घ्यायची, मुळाला हात लावायचा नाही आणि चार रोपं बियांसाठी सोडायची, असा रिवाज आहे. उत्तर अमेरिकेत गार्लिक मस्टर्डच्या बाबतीत तो उलटा चालवायचा. मूळ ठेवायचं नाही आणि बियांसाठी एकही रोप सोडायचं नाही. नुसती पानं खुडलीत तर त्या दिवशीची भाजी होईल, पण रोप पुन्हा फुटेल आणि जूनमध्ये शेंगा धरेल. तेव्हा आधी मुळासकट उपटायचं आणि मग निवडायला बसायचं.

एवढं वैर कशासाठी?

हे रोप मूळचं युरोपचं आणि पश्चिम-मध्य आशियाचं. तिथे त्याला खाण्यातला मान फार जुना आहे. डेन्मार्क आणि उत्तर जर्मनीत सापडलेल्या सुमारे ६,००० वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या आतल्या करपटात याच्या बियांचे सूक्ष्म अवशेष मिळाले, आणि तेही मासे-मांसाच्या चरबीसोबत. हे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे कालवणाला चव आणण्यासाठी बी वाटून घालायची रीत तिकडेही असावी.

अमेरिकेत याची पहिली नोंद १८६८ मधली, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरची. भाजी आणि औषध म्हणून वसाहतवाल्यांनीच ते आणलं असावं. तिथून ते ईशान्य आणि मध्य-पश्चिम अमेरिकेत आणि ओंटारिओत पसरलं, पुढे पश्चिम किनाऱ्यापर्यंतही पोहोचलं. त्याला खाणारे किडे युरोपातच राहिले. हरणं याच्याकडे फिरकत नाहीत, शेजारची देशी रोपं मात्र ओरबाडून खातात, त्यामुळे जागा आणखी मोकळी होते. एकटं रोपही स्वतःच्याच परागांनी बी धरू शकतं, म्हणून एखादं चुकून आलेलं रोप पुरेसं होतं. एका रोपाला शेकडो बिया येतात, दांडग्या रोपाला हजारोही, आणि त्या जमिनीत पाच वर्षं सहज टिकतात, काही त्याहून जास्त.

त्रास जमिनीखालीही आहे. मोहरीच्या तिखटपणामागे जी रसायनं असतात ती हे रोप मातीत सोडतं. जंगलातल्या बऱ्याच झाडांच्या मुळांशी उपयोगी बुरशी जोडलेली असते. ती झाडाला पाणी आणि अन्नद्रव्यं मिळवून देते. या रसायनांनी त्या बुरशीची वाढ रोखली जाते आणि मेपल, अ‍ॅश यांची कोवळी रोपं खुरटतात, हे २००६ च्या एका अभ्यासात दिसून आलं. मोहरीच्या कुळाला स्वतःला या बुरशीची गरज नसते, म्हणून याचं काही बिघडत नाही. ‘वेस्ट व्हर्जिनिया व्हाइट’ हे फुलपाखरू तर याला आपल्या नेहमीच्या झाडाचंच भावंड समजून अंडी घालतं, आणि अळ्या हे पान खाऊन मरतात.

ओळख पक्की करा

रोपाचं आयुष्य दोन वर्षांचं, आणि दोन्ही वर्षांची रूपं वेगळी.

पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा घेर असतो. पान गोलसर, देठाशी खाच असलेलं, काठ बोथट दातऱ्यांचा. ब्राह्मीचं पान मोठं करून पाहिलं तर जसं दिसेल तसं. शिरा खोल, पृष्ठभाग किंचित सुरकुतलेला. हा घेर बर्फाखालीही हिरवा राहतो.

दुसऱ्या वर्षी वसंतात मधून दांडा सुटतो आणि तो एक ते तीन फुटांपर्यंत वाढतो. वरची पानं त्रिकोणी, टोकदार, काठाला ठळक दाते असलेली. शेंड्याला चार पाकळ्यांच्या पांढऱ्या फुलांचा झुबका येतो. मग बारीक, लांब शेंगा आणि त्यात काळपट बिया.

उपटल्यावर मूळ बघा. पांढरं, सडपातळ सोटमूळ, आणि दांड्याला जिथे मिळतं तिथे वाकडं वळण. पान, वास आणि हे वळण अशा तिन्ही खुणा पटल्याशिवाय पिशवीत टाकू नका.

वासावर विसंबताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाच-दहा रोपं उपटली की हातालाच लसणाचा वास लागतो आणि मग जे पान चुराल ते गार्लिक मस्टर्डच वाटतं. शंका आली तर हात पुसून, दुसऱ्या माणसाला हुंगायला द्या.

गल्लत होते ती या झाडांशी:

• क्रीपिंग चार्ली – पान जवळपास तसंच, पण वेल जमिनीवर सरपटते, दांडा चौकोनी असतो आणि फुलं निळी-जांभळी.

• व्हायोलेट – पान गुळगुळीत, काठाचे दाते बारीक, लसणाचा वास नाही.

• लेसर सेलंडाइन – पान चकचकीत, काठ सपाट, फूल पिवळं, मुळाशी बारीक गाठी. हे कच्चं विषारी आहे.

• टूथवर्ट – पांढरी चार पाकळ्यांची फुलं, पण पान बोटांसारखं फाटलेलं. हे देशी रोप आहे, वर सांगितलेल्या फुलपाखराचं खरं अन्न. याला हात लावू नका.

याखेरीज पॉयझन हेमलॉक अशाच पडीक जागी उगवतं. त्याचं पान कोथिंबीर-गाजराच्या वळणाचं, दांड्यावर जांभळे डाग. दिसायला अगदी वेगळं, पण मूठभर रोपं एकदम ओढताना मध्ये येऊ शकतं. आणि ते जीवघेणं आहे. म्हणून मुठीने ओरबाडू नका, एकेक रोप बघून घ्या.

कोणत्या महिन्यात काय

*मार्च-एप्रिल.* बर्फ वितळल्यावर दिसणारे पानांचे घेर. पानं जून असली तरी कडवटपणा कमी. मुळं याच वेळी किसण्याजोगी असतात, दांडा सुटला की ती लाकडासारखी चिवट होतात.

*एप्रिलअखेर ते मेचा मध्य.* दांडा वर आलेला आणि कळ्या मिटलेल्या. खाण्यासाठी हाच काळ उत्तम. शेंड्याकडचा चार-सहा इंचांचा तुकडा वाकवून बघा. कटकन मोडला तर कोवळा, वाकून राहिला तर शिरा धरलेला. मोडेल तेवढाच घ्या.

*मे-जून.* फुलं आलेली. पानं आता कडू लागतात, पण उपटायची घाई याच वेळी करायची, कारण यानंतर शेंगा भरतात.

*जुलै.* शेंगा वाळून तडकायला लागल्या की त्या जागी जाऊच नका. नुसतं चालण्याने बी सांडतं आणि बुटांच्या चिखलातून पुढच्या पायवाटेवर पोहोचतं.

*ऑक्टोबर-नोव्हेंबर.* बाकीचं तण थंडीने सुकलेलं असताना हे एकटं हिरवं दिसतं. नव्या जागा शोधून ठेवायला आणि दुसऱ्यांदा भाजी आणायला हा काळ चांगला.

मिनेसोटा किंवा उत्तर ओंटारिओत हे सगळं दोन-तीन आठवडे उशिरा होतं. तारखेपेक्षा कळीकडे बघा.

उपटायचं कसं

पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जा. माती ओली असली की मूळ अखंड येतं. रोप वरून धरलं की दांडा हातात राहतो आणि मूळ जमिनीत. त्या मुळाच्या डोक्यावरून नवे दोन-तीन फुटवे येतात. म्हणून बोटं थेट मातीशी नेऊन, बुडाशी चिमटीत धरून, थोडं हलवत सावकाश वर ओढा. कोरड्या जमिनीत चिंचोळं खुरपं बाजूने खुपसून माती सैल करा.

उपटून झालं की उकरलेली माती पायाने दाबा आणि पालापाचोळा परत सारून ठेवा. मोकळी माती म्हणजे खाली पडलेल्या बियांना आमंत्रण.

वेळ कमी असेल तर आधी दांडा सुटलेली रोपं काढा. या वर्षी बी धरणार ती तीच. पहिल्या वर्षाची बारीक रोपं पुढच्या वसंतापर्यंत थांबू शकतात आणि त्यातली पुष्कळ आपोआप मरतात. उपटणं शक्यच नसेल तिथे ऐन फुलोऱ्यात दांडा जमिनीलगत कापा. त्याआधी कापलात तर पुन्हा फुटतो.

खायला घ्यायचा भाग घेऊन झाला की उरलेलं जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड बांधा आणि काही दिवस उन्हात ठेवा. फुलं आलेलं रोप उपटून तिथेच टाकलं तरी त्याच्यात उरलेल्या जोरावर शेंगा पिकू शकतात. म्हणून ते कंपोस्टमध्ये घालायचं नाही. पुष्कळ गावांत बागेच्या कचऱ्यातही हे चालत नाही, साध्या कचऱ्यात द्यावं लागतं. आपल्या नगरपालिकेचा नियम बघून घ्या. घरी परतण्यापूर्वी बुटांचे तळवे घासून झटका.

कुठे आणि कोणाला विचारून

स्वतःच्या आवारात प्रश्न नाही. शेजाऱ्यांच्या आवारात विचारलंत तर बहुतेक जण आनंदाने हो म्हणतील. सार्वजनिक जागेचं मात्र तसं नाही. तण असलं तरी उद्यानातून काहीही नेणं अनेक ठिकाणी मना असतं. शिकागोभोवतीच्या कुक काउंटीच्या राखीव जंगलांत खुडण्याला बंदी आहे. अशा जागी वसंतात स्वयंसेवकांना घेऊन तण उपटण्याचे दिवस ठेवतात. तिथे नाव नोंदवा, उपटलेलं घरी नेता येईल का ते तिथेच विचारा. महाराष्ट्र मंडळातल्या मुलांना घेऊन जायलाही हा उपक्रम चांगला. वॉशिंग्टन राज्यात हे ‘अ’ वर्गातलं तण आहे आणि जमीनमालकाला ते काढून टाकणं बंधनकारक आहे. सिअ‍ॅटलच्या बाजूला दिसलं तर भाजीचा विचार बाजूला ठेवून काउंटीच्या तण-नियंत्रण विभागाला कळवा.

खाण्यासाठी या जागा टाळा: रहदारीच्या रस्त्याची कड, रेल्वेमार्ग, तणनाशक फवारलेलं आवार, कुत्री फिरवायची पायवाट आणि १९७८ पूर्वी बांधलेल्या घरांच्या भिंतीलगतची माती, कारण जुन्या रंगातलं शिसं तिथे उतरलेलं असू शकतं. तिथलं उपटा जरूर, पण ते थेट कचऱ्यात जाऊ द्या.

आणि गोचिडी. लाइम रोग पसरवणाऱ्या बारीक गोचिडींचा हंगाम नेमका मे-जूनमध्येच असतो. पायघोळ पँट मोज्यात खोचा, फिक्या रंगाचे कपडे घाला, घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कानामागे तपासा आणि आंघोळ करा. तीन-तीन पानांचं पॉयझन आयव्हीही याच सावलीत असतं. हातमोजे घालणं बरं.

चुलीवर

शेवळं काकडाच्या आंबटाशिवाय शिजवायची नाहीत, हे ज्या घरांत माहीत आहे तिथे पुढची गोष्ट पटकन पटेल. प्रत्येक रानभाजीची एक तयारी असते, ती टाळायची नसते. गार्लिक मस्टर्डच्या पानांत, खासकरून कोवळ्या पानांत, अल्प प्रमाणात सायनाइड असतं. चिरल्यावर आणि उघड्या भांड्यात उकळल्यावर ते बरंचसं निघून जातं. म्हणून भाजीसाठी पानं चिरून, भरपूर पाण्यात मीठ घालून, झाकण न ठेवता दोन-तीन मिनिटं उकळा. पाणी फेकून द्या, पानं गार पाण्यात बुडवून घट्ट पिळा. यात कडूपणाही बराच उतरतो.

शिजवल्यावर लसणाचा वास राहत नाही. फोडणीत खरा लसूण घालावाच लागतो.

*पीठ पेरून भाजी.* उकळून पिळलेली दोन वाट्या भाजी घ्या. लोखंडी कढईत तेल जरा सढळ हाताने तापवा. मोहरी, हिंग, हळद, सहा-सात पाकळ्या ठेचलेला लसूण, दोन सुक्या मिरच्या. एक मोठा कांदा घालून तो गुलाबी होईपर्यंत परता, मग भाजी मोकळी करून घाला आणि पाणी आटेपर्यंत परतत राहा. कोरडं भाजलेलं अर्धी वाटी बेसन वरून भुरभुरवा, तिखट-मीठ घाला, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा. पाच मिनिटांत बेसन फुलतं. झाकण काढून कडेने चमचाभर तेल सोडा आणि खालची खरपूस बाजू वर येईल असं उलथा. बेसनाने कडवटपणा झाकला जातो, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्यांनी हीच करावी.

*ताकातली पातळ भाजी.* चाकवताची करतो तशीच. हरभऱ्याची डाळ आणि दाणे आधी शिजवून घ्या, भाजी घोटा, आंबट ताकात बेसन कालवून लावा, वरून लसूण-मिरचीची फोडणी. आंबटपणा या पानाला फार मानवतो.

*थालीपीठ.* पिळलेली भाजी बारीक चिरून भाजणीत मळा. मुलं बिनतक्रार खातात.

*ठेचा.* इथे पान कच्चं असतं, म्हणून प्रमाण तोंडी लावण्याइतकंच ठेवायचं. मूठभर कोवळी पानं, दोन हिरव्या मिरच्या, भाजलेले दाणे, मीठ. पान अखंड असताना सौम्य असतं. ठेचलं की पेशी फुटतात, त्यातलं विकर (एन्झाइम) तिखटाच्या पूर्वद्रव्यावर काम करतं आणि नाकात जाणारा झणका तयार होतो. मोहरी फेसताना होतं तेच हे. म्हणून ठेचून पाच मिनिटं थांबा आणि मगच लिंबू पिळा. लिंबू आधी पिळलंत तर आंबटाने ही क्रिया थांबते आणि ठेचा मिळमिळीत राहतो. दुसऱ्या दिवशी तिखटपणा उतरतो, तेव्हा लागेल तेवढाच करा.

*मुळं.* घासून धुऊन, साल खरवडून किसा, मीठ आणि व्हिनेगर घालून बाटलीत भरा. चव हॉर्सरॅडिशच्या जवळची. वरणभातासोबत चिमूटभर पुरते.

बियांची फोडणीही करता येते, पण बी हवं तर रोप पिकू द्यावं लागेल. तो मोह नको. भारतात जाताना ‘गावाकडे लावून बघू’ म्हणून बीही नेऊ नका.

जास्त भाजी निघाली तर उकळून, पिळून, एका वेळेपुरते गोळे करून फ्रीझरमध्ये ठेवा.

पहिल्यांदा खाताना थोडीच खा. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी मोहरी-कोबीच्या कुळातल्या बाकी भाज्यांइतकीच ही बेताने खावी, कच्ची नको. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांना पालेभाजीचं प्रमाण एकाएकी वाढवणं चालत नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारावं. गरोदरपणात आणि लहान मुलांना कच्चा ठेचा देऊ नये.

लंडन, म्युनिकमधल्या वाचकांसाठी

तुमच्याकडे हे रोप घरचं आहे. तिथे ऑरेंज-टिप फुलपाखराच्या अळ्या याच्यावर वाढतात आणि त्याला खाणारे किडेही भरपूर आहेत. त्यामुळे तुम्ही आपला गावाकडचाच रिवाज पाळा: प्रत्येक रोपाची दोन-चार पानं, मूळ जमिनीत. ब्रिटनमध्ये तर जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कोणतंही रानटी रोप मुळासकट उपटणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. भाजी तीच, पाककृती तीच, फक्त हात कुठे थांबवायचा ते देशाप्रमाणे बदलतं.

किती वर्षं आणि कुठवर

उत्तर अमेरिकेत एका वर्षात काम संपत नाही, कारण जमिनीत आधीचं बी आहे. पाच वर्षं दर वसंतात त्याच जागी जायची तयारी ठेवा. एका वर्षी उत्साहाने उपटलं आणि पुढच्या दोन वर्षी फिरकलोच नाही, तर उकरलेल्या मातीत ते पुन्हा माजतं.

म्हणून आवाका बघून जागा निवडा. जंगलात शेकडो फूट पसरलेलं जुनं रान एकट्याने हातात घेऊ नका. कॉर्नेल विद्यापीठाचे बर्न्ड ब्लॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं नोंदी ठेवून दाखवलं आहे की जुन्या जागी हे तण हळूहळू आपोआप रोडावतं, आणि तिथली तुडवातुडव उलट नडू शकते. हरणांची वाढलेली संख्या आणि बाहेरून आलेली गांडुळं ही जंगलाची जास्त खोल दुखणी आहेत, असं त्यांचं म्हणणं आहे. तुमच्या हाताला यश येतं ते नव्या, लहान जागी: घरामागची दहा-बारा रोपं, कुंपणाचा एखादा कोपरा, पायवाटेच्या तोंडाशी नुकताच आलेला पुंजका. मोठ्या रानाजवळ राहत असाल तर त्याची बाहेरची कड धरा आणि ते पुढे सरकणार नाही एवढं बघा.

या वर्षी एवढंच करा. मेच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस पडून गेल्यावर, आपल्या आवाराला एक फेरी मारा आणि कळ्या आलेली सगळी रोपं मुळासकट काढा. दोन वेळची भाजी निघेल. पुढच्या वर्षी एका वेळची निघेल. पाचव्या वर्षी थालिपिठापुरतीही मिळाली नाही, तर बाजारातून मेथीची जुडी आणा आणि तुमचं काम झालं असं समजा.